देवमासा बघायला गेलो, अन् टँकर आला

नाव वाचून तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मला ठाऊक हाय. निळा समुद्र, पांढरी होडी, होडीत कमरेवर हात ठेवून मी उभा, अन् समोर टेकडीएवढा देवमासा उसळी मारून राहिला. मग मी त्याच्या डोळ्यात बघणार, मला माणसाच्या जन्माबद्दल काहीतरी खोल सुचणार, अन् तुम्ही पुस्तक छातीवर उपडं ठेवून उसासा सोडणार.

तसलं काही न्हाई. देवमासा आला, हे खरं. हाकेच्या अंतरावर आला. पण त्या वक्ताला माझ्या अन् त्याच्या मधी अख्खी गल्ली उभी होती अन् माझ्या तोंडातून टँकरचा हॉर्न वाजून राहिला होता. म्हणून देवमासा दिसायला कसा असतो हे मला विचारू नका. दाजींना विचारा. मला सांगायचंय तेही त्यांच्याबद्दलच.

आमचं घर नांदेडचं. माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, ती लातूरला दिली. तिचा नवरा म्हणजे आमचे दाजी. परीक्षा संपली की मी पिशवी उचलायचो अन् एस.टी.नं लातूरला जायचो. नांदेडचा म्हणून मी त्या गल्लीत जरा ताठ चालायचो. "आमच्याकडं नदी हाय," असं ऐकवायचो. त्या साली गोदावरी घाट सोडून लांब जाऊन डबक्याडबक्यानं बसली होती, एवढं मात्र सांगायचो न्हाई.

मी नकला करायचो. हेडमास्तर, कंडक्टर, लग्नातला बँडवाला, आडतीवर बोली लावणारा, सगळे माझ्या घशात राहायचे. पण माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपणारा माल एकच, दाजींचं रागावणं.

दाजी कचेरीत कारकून. अंगानं काडी, पण रागावायला लागले की गल्लीतली माणसं कामं टाकून ऐकायची. तोंडात एक वाईट शब्द न्हाई, आईबहिणीचं नाव न्हाई, तरी समोरचा पार सोलून निघायचा. रिक्षावाला जास्त फिरवून आणायचा, तर दाजी खाली उतरून शांतपणे सुरू करायचे, "बाबा रे, तुझ्या रिक्षाला तीन चाकं हायत. तुझ्या डोक्याला एक तरी हाय का?" भाजीवालीला म्हणायचे, "मावशे, ही भेंडी मी खाऊ का हिनं पोरं बडवू?" अन् गंमत अशी की रागावून घेणारा माणूस हसत जायचा. भाजीवाली तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम जून भेंडी दाखवायला थांबायची. घरी अक्काच्या आमटीत मीठ जरा इकडचं तिकडं झालं की जेवण होईपर्यंत आम्हाला फुकट तमाशा. अक्का पदर तोंडाला लावून हसायची अन् वाढत राहायची.

मग लातूर जिल्हा झाला. दाजींनी गल्लीत पेढे वाटले. आता उस्मानाबादला खेटे घालायचे न्हाईत, आपली कचेरी, आपला कलेक्टर. कचेरीला खुर्च्या कमी पडल्या तर दाजींनी घरून आपली खुर्ची नेली. अन् जिल्हा नवा नवा असतानाच पाऊस रुसला. दाजींना टेबल मिळालं ते टंचाईचं. कोणत्या गावाला टँकर जाणार, कोणत्या गावाला न्हाई, ते कागद दाजींच्या हातातून वर जायचे. ठरवायचे साहेब. पण लोकांना साहेब कुठं दिसतो? लोकांना दाजी दिसायचे.

सुरुवातीला ते तिथंही रागावायचे. ढकलाढकली झाली की उभे राहून ओरडायचे, "रांगेत! भांडी खाली! कोणी पुढं येणार न्हाई!" पुरा व्हरांडा गप व्हायचा. एक दिवस रेणापूरकडचा एक म्हातारा रांग मोडून टेबलापाशी आला. दाजींनी त्याला आपल्या खास पद्धतीनं घेतला. "आजोबा, तुमच्या गावात रांग पेरत न्हाईत का?" वगैरे. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं अन् हात जोडले.

"रागवा साहेब," म्हणला. "लई ग्वाड रागावता. दिसभर रागवा. मी हितंच बसतो. पण उद्या टँकर धाडा."

उद्या टँकर गेला न्हाई. परवाही न्हाई. पुढं कधी गेला ते दाजींनी सांगितलं न्हाई, आम्हीही विचारलं न्हाई. पण त्या दिवसापासून दाजींचं रागावणं आटलं. आधी रागावणं गेलं, मग बोलणंच गेलं. हाव, न्हाई, बरं. तीन शब्दांवर माणूस जगून राहिला.

मी सुट्टीला गेलो तेव्हा अक्कानं मला दारातच धरलं.

"आमटी दोनदा मुद्दाम खारट केली रे," ती हळूच म्हणली. "अशी खारट की मला गिळंना. ह्यांनी गपचिप भुरकली अन् ताट धुऊन ठेवलं."

"काहीच बोलले न्हाईत?"

"बरी झाली म्हणले." तिचे डोळे भरले. "मला माझा पहिला माणूस पाहिजे. तू एवढा नकल्या म्हणवतोस, मग एकदा त्यांना हसव. न्हाईतर राग आण. काहीही कर."

मी सगळा माल काढला. हेडमास्तर केला, बँडवाला केला. शेवटी धीर करून दाजींच्या समोर दाजीच केले, भेंडीपासून रिक्षापर्यंत. त्यांनी पूर्ण ऐकलं, अन् म्हणले, "छान करतोस." असं कौतुक ऐकण्यापेक्षा मार परवडला.

गल्लीत माझी एक नवी नक्कल मात्र लई गाजली. तिथं जो टँकर यायचा त्याच्या हॉर्नला खोकला झाला होता. पीं, पीं, अन् मग घसा बसलेला लांबलचक पोंऽऽऽख. तो ऐकू आला की हातातलं पीठ तसंच टाकून बाया निघायच्या. पूजेला बसलेली माणसं ओल्या धोतरानं निघायची. मी दोन दिवसांत तो हॉर्न उचलला अन् एका दुपारी गच्चीवरून वाजवला. सगळी गल्ली घागरी, डबडी, पातेली घेऊन रस्त्यावर! शेजारच्या चक्कीवाल्या काकूंनी मला झाडू घेऊन कोपऱ्यापर्यंत पळवलं. मला वाटलं आता दाजी रागावतील. दाजी तेवढ्यात आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले होते.

समुद्राचं खूळ काकूंनीच काढलं. त्यांचा भाचा कोकणात मालवणकडं मास्तर होता. तो सुट्टीला आला तेव्हा सांगून गेला की औंदा तिकडं मासेमारीवाल्यांना देवमासे दिसून राहिलेत, एक होडीवाला लोकांना नेऊन दाखवतो.

"ह्यांना घेऊन जाऊ," काकू अक्काला म्हणल्या. "माणसानं एवढालं जनावर बघितलं की बोलतंच काहीतरी. 'अबब' तरी म्हणंल का न्हाई?"

काकूंचे मालक डाळमिलमध्ये मुकादम. त्यांनी मिलच्या मालकाची मॅटॅडोर मिळवली. गल्लीतली डझनभर माणसं तयार झाली. दाजींना विचारलं तर म्हणले, "बरं."

आता बाहेरगावी जाताना लोक काय नेतात? कपडे, फराळ. आमच्या गल्लीनं त्याबरोबर सगळी रिकामी भांडी भरली. कळश्या, तेलाचे डबे, झाकणाचे कॅन. जिथं पाणी हाय तिथं रिकाम्या हातानं जायचं न्हाई, हे त्या वर्षी अंगात मुरलं होतं. मॅटॅडोर घाट उतरायला लागली तशी मागं भांड्यांची वरात वाजायला लागली. मुकादमकाकांचा एक पाय कळशीत अडकला होता, तो काढायला त्यांनी नकार दिला. म्हणले, "राहू दे, कळशी हलत न्हाई."

भाच्याच्या ओळखीनं ज्या घरी उतरलो तिथं अंगणात विहीर. वाकलं की हाताला लागंल एवढं पाणी, वर गोड. घरची बाई आंघोळीचं पाणी माडांच्या बुडाशी सोडून देत होती. आमच्या बाया कठड्याला धरून तिच्याकडं बघत राहिल्या, जशी ती पोटची पोरं वाऱ्यावर सोडून राहिली. काकूंनी संध्याकाळी बसून आणलेलं एकूण एक भांडं भरून ओट्यावर लावलं.

"काकू, विहीर दारात हाय," मी म्हणलो.

"असू दे. उद्या तिला सुट्टी असली म्हणजे?"

दाजी विहिरीपाशी एकटेच उभे होते. त्यांनी बादली सोडली, भरून वर ओढली, बघितली, अन् परत आत ओतली. पुन्हा ओढली, पुन्हा ओतली. अक्का माझ्या शेजारी उभी होती. "बघितलंस?" एवढंच म्हणली.

सकाळी होडीवर गेलो. मशीनची लांब होडी, वर ताडपत्रीचं छप्पर. नाखवा काळाभोर, पांढऱ्या मिशीचा. कमी बोलायचा, पण बोलला की प्रत्येक वाक्याला वळण. कुठून आलात विचारलं. मुकादमकाका छाती काढून म्हणले, "लातूर. जिल्हा लातूर. नवा झाला."

"आमचोय जिल्हो नवोच," नाखवा म्हणला. "पन मासे जुनेच."

दाजींच्या ओठाचा कोपरा हलला. अक्कानं माझ्या बरगडीत कोपर मारलं. पण तेवढंच. दाजी डाव्या कडेच्या फळीवर जाऊन बसले अन् पाण्याकडं बघायला लागले.

प्यायच्या पाण्याच्या दोन भरल्या कळश्या काकूंनी बरोबर घेतल्याच होत्या. शिवाय रिकामे कॅन. "कशाला?" विचारलं तर म्हणल्या, "असू दे." एकीनं घेतलं की दुसरी घेते. होडीत माणसांपेक्षा भांडी जास्त. नाखव्यानं एकदा भांड्यांकडं, एकदा आमच्याकडं बघितलं. त्याला वाटलं असंल, ही माणसं समुद्र न्यायला आली.

किनारा बारीक झाला. पाण्याचा रंग बदलला. मशीन बंद करून नाखव्यानं बोट ओठावर ठेवलं.

"आता गप रवा. हलू नकात. सगळी एके बाजूक गेलात तर होडी कलंडात."

"अन् देवमासा कुठून येणार?" मी विचारलं.

"तो काय माका सांगान येता?"

"ओरडतो कसा तो?" मला धंद्याचं विचारायला नको का?

"ओरडना नाय. श्वास सोडता. लोहाराचो भातो फुटल्यासारखो. फुस्सऽऽ. आनि वास येता."

काकूंनी तिथल्या तिथं नाकाला पदर लावला. त्या जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेल्या. आदल्या दिवसापासून कोकणातल्या वासानं त्यांचा पदर खाली आला नव्हता.

बसलो. ऊन चढलं. होडी डुलत होती, तसे एकेकाचे डोळे मिटायला लागले. मुकादमकाका पहिल्यांदा हिरवे झाले, मग पांढरे झाले, मग कॅन उशाला घेऊन झोपले. समुद्र नुसता चमकून राहिला. मध्येच कोणीतरी "ते काय?" म्हणायचं, ते लाकूड निघायचं. दाजी तसेच. ना 'अबब', ना 'बरं'.

अक्का माझ्या कानाशी आली. "देवमासा काय येत न्हाई. परत जायचं, पुन्हा ते टेबल, पुन्हा ते तोंड. कर की काहीतरी."

मी उजव्या कडेला मागं जाऊन उभा राहिलो, सगळ्यांना दिसंल असा. आधी न ऐकलेल्या देवमाशाची नक्कल केली, फुस्सऽऽ. नाखवा म्हणला, "ह्यो सायकलचो टायर." दोनेक बाया हसल्या. दाजींचं लक्षच न्हाई. मग कंडक्टर केला, "लातूर लातूर लातूर, सरका पुढं." मग हेडमास्तर. माझ्या पिशवीत काही राहिलं न्हाई. घसा कोरडा पडला. अक्का माझ्याकडं डोळे लावून बसलेली.

तेव्हा मला गच्चीवरची दुपार आठवली. विचार वगैरे काही केला न्हाई. विचार करणारी माणसं नकला करत न्हाईत. मी पोटात हवा भरली, तोंडाला दोन्ही हातांचा कर्णा लावला, अन् सोडला.

पीं! पीं! पोंऽऽऽख!

मुकादमकाका डोळे मिटलेलेच उठले. "आला! आला!" करत त्यांनी उशाचा कॅन उचलला. काकूंनी भरलेली कळशी आधी समुद्रात ओतली, भांडं रिकामं पाहिजे ना, अन् ती घेऊन त्या माझ्याकडं धावल्या. त्यांच्यामागं डबेवाली, तिच्यामागं पातेलंवाली, अन् अक्कासुद्धा! जिनं मला पुढं घातलं ती अक्कासुद्धा हातात तांब्या घेऊन आली. कोणाला समुद्र दिसत नव्हता, कोणाला होडी दिसत नव्हती. आपला नंबर आधी लागला पाहिजे, एवढंच. सगळं लातूर उजव्या कडेला माझ्या अंगावर आलं अन् होडी माझ्या बाजूनं खाली बसायला लागली. पाणी कडेवरून आत आलं, गार, माझ्या नडगीपर्यंत.

नाखवा मालवणीत काय काय ओरडून राहिला होता. कोणाला कळंना. अन् कळलं असतं तरी टँकर सोडून कोण मागं जातो?

मी दाजींकडं बघितलं. ते एकटेच डाव्या कडेला, आता उंच झालेल्या बाजूला, उभे होते. तोंड आमच्याकडं नव्हतं, पाण्याकडं होतं. पलीकडचं पाणी मला त्या उचललेल्या कडेआड दिसत नव्हतं. त्यांच्या खांद्यांवर शिंतोडे उडाले अन् माझ्या तोंडून नव्हे, त्यांच्या पुढून आवाज आला. फुस्सऽऽ. लोहाराचा भाता फुटल्यासारखा. त्यांचा जबडा खाली पडला. आता 'अबब' म्हणणार, असं मला वाटलं.

दाजी वळले. त्यांची मान ताठ झाली, हात वर गेला.

"रांगेऽऽत!"

होडीतला एकूण एक माणूस जागच्या जागी थिजला.

"भांडी खाली! कोणी पुढं येणार न्हाई! मुकादम, मागं सरका! काकू, तुमचा नंबर शेवटी, तुमच्याकडं दोन कळश्या हायत! एक एक करून आपल्या जागेवर! सरका! सरका म्हणलो ना!"

अन् लोक सरकले. नाखव्याला जे जमलं न्हाई ते झालं. काकू कळशी पोटाशी धरून आपल्या फळीवर जाऊन बसल्या. डबेवाली बसली. मुकादमकाका तोंडातल्या तोंडात "चुकलं साहेब" म्हणत बसले. होडी हळूहळू सरळ झाली. मग सगळ्यांना एकदम आठवलं की आपण कुठं हाओत, अन् सगळ्यांनी दाजींच्या मागं बघितलं.

तिथं पाण्यावर एक मोठा गुळगुळीत गोल होता, तव्यावर तेल फिरवल्यासारखा. बाकी काही न्हाई. वाऱ्याबरोबर कुजक्या मासळीचा वास आला. काकू पदरातून म्हणल्या, "शी गं बाई! दात घासत न्हाई का?"

"गेलो," नाखवा म्हणला. "मोठो होतो. ह्या साहेबांच्या नाकासमोर इलो, शेपटी दाखवल्यान आनि गेलो. तुमी सगळी त्या भोंग्याकडं तोंड करून."

भोंगा म्हणजे मी.

परतीच्या वाटेत आतलं पाणी उपसायला भांडी मात्र चांगली कामाला आली. दाजी आपल्या जागेवर गुडघ्यावर हात ठेवून बसले. कपडे ओले, केस कपाळाला चिकटलेले, नजर खाली. मी अक्काकडं बघितलं, अक्कानं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा पार उतरला होता. ज्या व्हरांड्यातून माणसाला उचलून इथवर आणलं, तोच मी समुद्राच्या मधोमध त्याच्यापुढं उभा केला होता. आता तीन शब्दही राहतात का जातात, ह्याचं भ्या तिला अन् मला.

किनाऱ्याला लागलो. सगळे वाळूवर उतरले. मी सगळ्यात शेवटी, दोन्ही हातात कळश्या. दाजी पाण्याच्या कडेला माझी वाट बघत उभे होते.

"कळश्या खाली ठेव," ते हळूच म्हणले.

मी ठेवल्या.

"तू नांदेडहून कशानं आलास?"

"एस.टी.नं, दाजी."

"मग टँकरनं आल्यासारखा का बोलून राहिलास?" आवाज थोडा वर चढला. वाळूत बसलेल्या काकूंनी मान वळवली. "अरे, देवानं तुला गळा दिला का गॅरेज दिलं? समुद्र बघ केवढा! लातूरच्या माणसाच्या समोर आयुष्यात पहिल्यांदा एवढं पाणी हाय, त्यातून एवढं मोठं जनावर वर येऊन राहिलं, माझ्याकडं बघून राहिलं, अन् तू तिथं टँकर आणतोस? कोणी मागवला होता? कोणत्या गावचा अर्ज होता तुझ्याकडं? माशांना पाणी कमी पडलं होतं का?"

गल्लीची मंडळी उठून जवळ आली अन् गोल करून बसली. मुकादमकाकांनी मांडी घातली. नाखवाही दोरी हातात धरून थांबला. त्याला शब्द कळत नसतील, चाल कळून राहिली होती.

"त्याचे डोळे बघितले मी. माणसासारखे. त्याला वाटलं असंल ही कुठली माणसं, समुद्रात येऊन घागरी घेऊन पळतात! काय इज्जत राहिली आपल्या नव्या जिल्ह्याची? अन् ह्या काकू! भरलेली कळशी समुद्रात ओतून पाण्यासाठी धावल्या! त्यांना मी काय बोलू? त्या बोलण्याच्या पलीकडं गेल्या!"

"हाव, गेले मी," काकू पदराआडून म्हणल्या, लई आनंदानं.

दाजी थांबले. श्वास घेतला. माझ्या खांद्यावर हात ठेवला, अन् आवाज एकदम खाली आला.

"हे बघ. हेडमास्तर कर, कंडक्टर कर, मला कर. पण तो हॉर्न करू नको. तो वाजला की लोकांच्या पोटात काय होतं ते मी रोज बघतो. तुझी अक्का कशी धावली बघितलंस? होडी बुडत होती तरी धावली. ते हसायचं न्हाई रे. माझ्या टेबलापुढं हात जोडणारा तो म्हातारा असाच धावत आला असता, अन् टँकर नसता." त्यांनी कपाळाला चिकटलेले केस मागं सारले. "कळलं का?"

"कळलं दाजी."

"काय डोंबल कळलं! मान अशी हलवून राहिलास जसा नंदीबैल. पाऊस पडंल का विचारलं तरी अशीच हलवशील. पायात बघ तुझ्या, एक चप्पल कुठं हाय?"

मी बघितलं. खरंच एकच होती. दुसरी समुद्रात.

"घ्या! एक चप्पल अरबी समुद्राला देऊन आले हे! आता नांदेडपर्यंत लंगडी घालत जा. अन् तू!" ते गर्रकन अक्काकडं वळले. अक्का वाळूत बसून, पदर तोंडाला लावून, हसून राहिली होती का रडून राहिली होती ते तिलाही सांगता आलं नसतं. "तू काय हसतेस? ह्याला पुढं कोणी घातलं ते मला दिसत न्हाई का? अन् ती आमटी! एकदा न्हाई, दोनदा! माणसाच्या आमटीत एवढं मीठ घालतात? मला कळलं न्हाई वाटलं का? जीभ हाय का माझी का पायपुसणं? आज सकाळी समुद्राचं पाणी तोंडात गेलं तर मला वाटलं, घरीच जेवून राहिलो!"

सगळी वाळू हसून पडली. मी हळूच एक कळशी उचलली अन् माणसांच्या मागून माडांकडं सटकायला लागलो.

"ए भोंग्या! कुठं चाललास? मी जा म्हणलो का? बस तिथं खाली. माझं झालं न्हाई अजून."